केराचा मान

पेडणेकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वर्गाबाहेर उभ्या होत्या. मुलं आत, बाई बाहेर, भर उन्हात. मी त्या दिवशीच शाळेत हजर व्हायला आलो होतो. जेमतेम विशीतला, सातवीची फायनल पास, काखेत वळकटी आणि डोक्यात शिस्तीबद्दल फार मोठ्या कल्पना. मला वाटलं, या कुणाच्या तरी आई असाव्यात, तक्रार घेऊन आलेल्या. मी जरा रुबाबातच विचारलं, "पहिलीच्या बाई कुठे आहेत?"

"मीच ती," त्या म्हणाल्या. "आत येव काय म्हणून इचारलंय, पण अजून कोणी 'येवा' म्हणाक नाय."

आत तर बाजार भरला होता. कुणी पाटी बडवत होतं, कुणी कुणाच्या पाठीवर बसलं होतं. मी म्हटलं, "मग ओरडा ना त्यांना!" बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वळकटी काखेतून निसटली. तेवढ्यात खिडकीतल्या एका पोराचं लक्ष बाहेर गेलं. त्यानं शेजारच्याला ढोसलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला. बघता बघता वर्ग गप्प झाला आणि एक बारीक आवाज आला, "येवा, बाई." बाई आत गेल्या, जणू काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी पाट्या काढायला सांगितल्या. रागाचा एक शब्द नाही. मी मात्र दारात तसाच उभा राहिलो, कारण आता मलाही विचारून आत जावं लागणार, हे ध्यानात आलं होतं.

बाईंना आवाज नव्हता म्हणून त्या ओरडत नव्हत्या, असं कुणी समजू नये. खाडीच्या मधोमध गेलेली होडी बाई किनाऱ्यावरून एका हाकेत परत वळवत. मासळीवाल्या बायकांशी भांडायला लागल्या की समोरची टोपली उचलून दुसऱ्या वाडीला जाई. मोठ्या माणसांच्या बाबतीत बाईंकडे संयम म्हणून नव्हताच. शिक्षकांच्या मासिक सभेत त्या एक तर डुलक्या काढत, नाही तर भांडत. पण पहिलीच्या दारात पाऊल पडलं की तोच आवाज इतका खाली उतरे की मुलांना ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे. मी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "मोठी माणसां ऐकाची नायत ह्या माका ठावक आसा, म्हणून मी थंय आरडतंय. पोरां ऐकतत, मगे आरडाचा कित्याक?"

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या मध्याची. मी नांदगावचा, म्हणजे आतल्या भागातला. काजू, भात आणि डोंगर एवढंच पाहिलेला. मालवणपासून दोन-तीन कोसांवर, खाडीपलीकडच्या या गावात माझी नेमणूक झाली तेव्हा समुद्र बघून मला पहिल्या रात्री झोप आली नव्हती. गावात अर्धी वस्ती शेतकऱ्यांची, अर्धी मासे मारणाऱ्यांची, आणि दोन्हीकडचे कर्ते पुरुष बरेचसे मुंबईला. बाईंचे यजमानही मुंबईला गोदीत होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. बाई एकट्या एका घराच्या पडवीत बिऱ्हाड करून राहत.

शाळा म्हणजे आबा गावकरांचा मांगर, शेतातली कामाची जुनी इमारत. आबा हे गावचे पहिले मानकरी. देवळात गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. शेतीची अवजारं आणि पेंढा दुसरीकडे हलवून त्यांनी तो मांगर शाळेला वापरायला दिला होता, भाडं न घेता, आणि त्याची आठवण ते अधूनमधून करूनही देत. मध्ये झावळ्यांचा कूड घालून दोन वर्ग केले होते. कुडाच्या एका बाजूला पहिली-दुसरी घेऊन बाई, दुसऱ्या बाजूला तिसरी-चौथी घेऊन मी. कुडातून सगळं ऐकू येई. माझ्याकडून पलीकडे छडीचा आवाज जाई, पलीकडून माझ्याकडे मुलांचं हसू येई. माझ्या मुलांचं लक्ष कुठे असायचं, हे सांगायला नको.

बाईंच्या वर्गाची सगळी व्यवस्था मुलांच्या हातात होती. आमच्याकडे देवळातल्या प्रत्येक कामाचा एकेका घराण्याला मान असतो. कुणाचा तरंगाचा, म्हणजे देवाचा खांब धरायचा, मान, कुणाचा ढोलाचा, कुणाचा नारळाचा. मानावरून भावाभावांची तोंडं बंद होतात, पिढ्यान् पिढ्या खटले चालतात. बाईंनी हा शब्द सरळ उचलून वर्गात आणला. पाण्याचा मान, म्हणजे कळशी भरून ठेवायची. दाराचा मान, पाटीचा मान, घंटेचा मान. आणि केराचा मान, म्हणजे वर्ग झाडायचा. दर सोमवारी मान फिरे. सहा वर्षांची पोरं रविवारी रात्री विचार करत बसत, उद्या आपल्याला काय मिळतंय. 'केर कोण काढणार' असं विचारलं असतं तर पोरं पळून गेली असती, पण केराच्या मानासाठी त्यांची भांडणं व्हायची. "मान सगळ्यांक, पण पाळयेन," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. रडून, पाय आपटून, घरून केळी आणूनही पाळी मागेपुढे होत नसे.

शिंपल्यांची युक्ती मला सगळ्यांत आवडायची. वर्गात चारदोन पोरं अशी असतात की त्यांचं तोंड मिटत नाही, आणि चारदोन अशी की वर्षभरात त्यांचा आवाज कळत नाही. बाई सकाळी प्रत्येकाला तीन शिंपल्या देत. एकदा बोललं की एक शिंपली मधल्या सुपात टाकायची. बडबडी पोरं अर्ध्या तासात कफल्लक होत आणि मग तोंडावर हात दाबून बसत. आता बोलायचं कुणी? ज्यांच्याकडे शिंपल्या उरल्यात त्यांनी. अशी न बोलणारी एक होती सावी. तिचा बाप रापणीच्या मोठ्या जाळ्याचा दोर ओढणारा. सावी पहिले दोन महिने शिंपल्या मुठीत घट्ट धरून बसायची आणि तशाच परत करायची. बाई तिला काही म्हणत नसत, फक्त शिंपल्या मोजून घेत आणि म्हणत, "बऱ्या सांबाळलंस गो." एक दिवस कुडापलीकडून नवाच आवाज आला, जाडसर, स्पष्ट. मी माझा हिशेब थांबवून कान दिला. सावी सांगत होती की वर्गात 'मासा' शिकवतात तो मासा कुठला ते आधी सांगा, कारण बांगडा आणि पेडवा यांचं चित्र एकसारखं काढून चालणार नाही. त्या दिवशी तिनं तिन्ही शिंपल्या एका दमात खर्च केल्या.

मी हा प्रयोग माझ्या चौथीत करून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर्गात शिंपल्यांचा व्यापार सुरू झाला. एका पोरानं आवळ्यांच्या बदल्यात पंधरा शिंपल्या जमवल्या आणि दिवसभर एकटाच बोलत राहिला. मी वैतागून बाईंकडे गेलो. त्या पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, "मास्तरानु, तुमी शिंपले दिलास, पण कान खंय दिलास? पोर बोलता तेवा तुमी खंय बघत होतास?" मी हजेरी भरत होतो. बाई मुलाचं बोलणं चालू असताना हातातलं सगळं खाली ठेवत, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वाचनाला त्या रापण म्हणत. रापणीत किनाऱ्यावर दोन रांगा दोन दोर धरून जाळं ओढतात. एका बाजूनं घाई केली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. बाई मुलांना दोन ओळींत समोरासमोर बसवत, हुशार आणि कच्ची अशी मिसळून. एक वाक्य या बाजूनं, एक त्या बाजूनं, सगळ्यांनी मिळून. पुढे पळणाऱ्याला थांबावं लागे आणि अडलेल्याला शेजारचा हळूच शब्द देई. "दोर सोडू नको रे," एवढंच बाई अधूनमधून म्हणत. मासेमाऱ्यांची पोरं यात शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवत, कारण ओढायची लय त्यांच्या अंगात होती.

पुढे फार वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, ओरोसला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला जुना माणूस म्हणून मला बोलावलं होतं. एक तरुण साहेब पडद्यावर चित्रं दाखवून समजावत होते की लहान मुलांना वर्गात जबाबदाऱ्या वाटून द्याव्यात, बोलायची संधी समान द्यावी, लक्ष वेधायला ठरलेली हाक आणि ठरलेलं उत्तर असावं. प्रत्येक गोष्टीला भारी भारी नावं होती. माझ्या शेजारच्या शिक्षिका भराभर लिहून घेत होत्या. मला मात्र कुडापलीकडून येणारं हसू ऐकू यायला लागलं आणि मी बाहेर जाऊन चहा प्यालो.

ठरलेली हाक आणि ठरलेलं उत्तर, यावरूनच तर सगळं रामायण झालं होतं.

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकरी हात जोडून मोठ्यानं देवाला साकडं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" अशी साथ देतात. कडेवरचं पोरही ते म्हणतं. बाईंनी शाळा सुटताना वर्गाचं गाऱ्हाणं सुरू केलं. सगळ्यांनी उभं राहायचं, ज्याचा गाऱ्हाण्याचा मान असेल त्यानं पुढे यायचं आणि दिवसभरात जे बरंवाईट घडलं ते सांगायचं. कुणी कुणाला मारलं असेल, कुणाची पेन्सिल घेतली असेल, ते तिथे नावानिशी यायचं आणि 'पोटात घाल म्हाराजा' म्हणून तिथेच मिटायचं. चहाडी करायला बाईंकडे कुणी जात नसे, कारण संध्याकाळी सगळं निघणारच असे. एक नियम मात्र पक्का होता. सगळ्यांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. ज्याची खोडी निघाली त्यानंही म्हणायचं. आणि गाऱ्हाणं संपल्याशिवाय शाळा सुटायची नाही.

त्या सोमवारी आबा गावकरांचा नातू विष्णू याला केराचा मान मिळाला आणि सावीला गाऱ्हाण्याचा.

विष्णू घरी गेला तो नाचत. केरसुणी घेऊन त्यानं अख्खं अंगण झाडून काढलं. ओटीवर पान लावत बसलेल्या आजोबांनी विचारलं, हे काय चाललंय. तो छाती काढून म्हणाला, "आजोबा, माका केराचो मान गावलो!" आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "आणि गाऱ्हाण्याचो?" त्यांनी विचारलं. "तो सावीक!" विष्णू म्हणाला, आणि पुन्हा झाडायला लागला.

गावच्या पहिल्या मानकऱ्याच्या वंशाला झाडू, आणि रापणकऱ्याच्या चेडवाच्या तोंडी गाऱ्हाणं! आबांनी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला की मांगर आठवड्याच्या आत खाली करावा.

हा निरोप साधा नव्हता. गावात शाळा भरवण्याजोगी दुसरी जागा नव्हती. मालवणला आमच्या वरच्यांकडे नव्या इमारतीची मागणी कधीची पडून होती. मांगर गेला असता तर शाळा खाडीपलीकडच्या शाळेला जोडली गेली असती. मोठी मुलं होडीतून गेली असती कदाचित. पहिलीची पोरं घरी बसली असती, आणि त्यांतल्या मुली पुन्हा उठल्या नसत्या. बाईंनी दोन वर्षं खपून जो वर्ग उभा केला होता तो आठ दिवसांत मोडणार होता.

मी रात्रभर विचार करून एक तोड काढली. सकाळी बाईंना म्हटलं, "गाऱ्हाण्याचा मान विष्णूला कायमचा देऊन टाका. बाकीचे फिरू द्या. आबाही खूश, शाळाही वाचेल."

बाई चुलीवर सुका बांगडा भाजत होत्या. त्यांनी तो उलटला आणि म्हणाल्या, "मगे उद्या पाण्याचो मान कोणाचो तरी कायमचो. परवा केराचो. आणि केराचो कायमचो मान कोणाक मेळतलो, ता तुमका ठावक आसा, मास्तरानु. माकाव ठावक आसा."

बाईंनी आबांना उलट निरोप धाडला. मांगर तुमचा, खुशाल घ्या. पण एकदा येऊन बघून जा, मग घ्या. मी मनातून हादरलो होतो. मोठ्या माणसांशी बोलताना बाईंचं काय होतं ते मी मासळीबाजारात पाहिलं होतं. आबांपुढे त्यांची जीभ सुटली असती तर शाळा आठवड्याऐवजी तासाभरात रिकामी झाली असती.

आबा गुरुवारी आले, शाळा सुटायच्या वेळेला. उंच, ताठ, खांद्यावर धुतलेला पंचा. मीही माझा वर्ग सोडून इकडे येऊन भिंतीशी उभा राहिलो. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि एवढंच म्हणाल्या, "बरा केलास इलास ता. गाऱ्हाण्याक सगळे उभे रवतत." आबा मुलांच्या रांगेमागे उभे राहिले. मुलांना बाईंनी काहीही सांगितलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी त्यांना आदल्या दिवशी विचारलं होतं, पोरांकडून काही तयारी करून घेऊ या का, तर मला त्यांच्या वर्गातून बाहेर जायला सांगण्यात आलं होतं.

सावी पुढे आली. हात जोडले. आबांना बघून तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज आला तो जाड आणि स्पष्टच.

"बा देवा म्हाराजा! आज पयलीच्या वर्गात जी काय शाळा झाली, ती तुझ्या पायाकडे रुजू आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दत्यान बाबल्याची पेन्सिल घेतल्यान, मगे परत दिल्यान, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दत्या जरा खालच्या आवाजात, पण म्हणाला.

"इष्ण्यान केर बरो काढल्यान, पण कोनातलो रवलो. तो उद्या काढतलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज विष्णूचा होता.

आणि सावी थांबली. तिची नजर रांगेच्या मागे आबांवर खिळली होती. पोरंही एकेक करून मागे वळली. मला आधी कळेना काय झालं. मग लक्षात आलं. मागच्या एका माणसानं एकदाही 'व्हय' म्हटलं नव्हतं.

आबांनी उभ्या जन्मात हजारो गाऱ्हाणी घातली असतील. पण घातली, साथ दिली नव्हती. त्यांच्या आधी त्यांचे वडील घालायचे, तेव्हा हे बाजूला मानानं उभे असायचे. 'व्हय म्हाराजा' हा गर्दीचा शब्द. तो त्यांच्या तोंडी कधी आलाच नव्हता. मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या. त्यांच्या हाताची बोटं मात्र पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

शेवटी विष्णूला राहवेना. तो मागे गेला आणि आजोबांचा पंचा ओढून म्हणाला, "आजोबा, व्हय म्हणा मां! नायतर शाळा सुटाची नाय. माका भूक लागली हा!"

दत्या हसला. मग आणखी एक. मला वाटलं, संपलं सगळं. आबांनी नातवाकडे पाहिलं, मग समोर हात जोडून ताटकळलेल्या त्या एवढ्याशा पोरीकडे.

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले. देवळात घुमणारा तो आवाज पार बसल्यासारखा निघाला.

सावीनं लगेच पुढचं वाक्य घेतलं, जणू एवढ्याचसाठी अडलं होतं. खरं म्हणजे एवढ्याचसाठी अडलं होतं. पुढच्या दोन वाक्यांना आबांचा 'व्हय' मुलांबरोबर आला, शेवटच्याला तर जरा आधीच आला. शाळा सुटली आणि पोरं उधळली.

मग आबा बाईंपाशी आले. म्हणाले, "बाये, एक सांगतंय. देवाचा नाव हंय घेव नको. दत्याची पेन्सिल देवाक कित्याक? देवाक सांगूक देऊळ आसा. हंय ऐकणारी ही पोरां आसत. त्यांकाच सांग."

मी बाईंच्या स्फोटाची वाट बघत होतो. बाईंनी पदराचा पीळ सोडवला. मग म्हणाल्या, "ह्या तुमचा खरा आबानु. ह्या माझ्या ध्यानात येवक नव्हता." मोठ्या माणसाचं म्हणणं बाईंनी मान्य केल्याचं मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेलं ते पहिलं. दुसऱ्या दिवसापासून गाऱ्हाणं 'बा वर्गा म्हाराजा' असं सुरू व्हायला लागलं, आणि मला तर वाटतं ते तेव्हापासून जास्त खरं झालं. वर्ग वर्गालाच सांगायचा आणि वर्गच पोटात घालायचा.

केराबद्दल आबा एक शब्द बोलले नाहीत. मांगराबद्दलही नाहीत. जाता जाता दारात थांबून सावीबद्दल फक्त म्हणाले, "चेडू बरा म्हणता. पण दम खंय घेवचो ता तेका ठावक नाय." त्यानंतर ते अधूनमधून शाळा सुटायच्या वेळी यायचे आणि ज्याची पाळी असेल त्याला दम कुठे घ्यायचा ते शिकवायचे. मे महिन्यात मांगर शाकारायला त्यांची माणसं आली तेव्हा आम्हाला कळलं की शाळा राहिली.

नंतरची सात-आठ वर्षं फार चांगली गेली. माझी छडी केव्हा कुडात खोचली गेली आणि केव्हा तिथेच विसरली गेली, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाई तशाच होत्या. सभेत झोपत, बाजारात भांडत, वर्गाबाहेर उभं राहून 'येव काय' विचारत. पुढे जिल्हा परिषद आली, शिक्षकांच्या बदल्या व्हायला लागल्या, आणि एका वर्षी बाईंच्या नावाचा हुकूम आला. जावं लागणार होतं आत, माझ्याच नांदगावच्या बाजूला.

ही बातमी ऐकून आबा तडक मालवणला गेले. मी सोबत होतो. कचेरीत शिरल्यावर आबांनी शुद्ध मराठी काढली, जी त्यांनी बहुधा होडीत बसून जुळवली होती. "साहेब, आमच्या बाईंना आमच्याकडेच ठेवायचे आसा," ते म्हणाले. साहेब भले होते. त्यांनी आबांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की बदली कुणाला टळत नाही, प्रत्येकाची पाळी येते. आबा पहिले मानकरी आहेत, मांगर त्यांचा आहे, हे मी सांगून पाहिलं. आबांनीच मला हातानं थांबवलं. परतताना होडीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "थंय पण पाळीच, मास्तरानु. मगे काय बोलतलंय मी?"

बाई निघाल्या त्या सकाळी सगळी शाळा होडीच्या धक्क्यावर आली होती. शाळा सोडून गेलेलीही आली होती. सावी आता मोठी झाली होती, परकर-पोलक्यात. विष्णूला मिसरूड फुटलं होतं. मी गर्दी आवरायला पुढे झालो, पण आवरायचं काही नव्हतं. पोरांनी आपण होऊन रांग लावली होती आणि एकेक जण पुढे होऊन बाईंशी बोलत होता. कुणी काय बोललं ते ऐकू येत नव्हतं. बाई प्रत्येकापुढे वाकत आणि त्याचं संपेपर्यंत तशाच राहत. मी उगाच सामान मोजत होतो.

रांगेच्या अगदी शेवटी, पहिलीतल्या एका शेंबड्या पोराच्या मागे, आबा गावकर उभे होते. देवळात, लग्नात, पंगतीत हा माणूस कधी दुसरा उभा राहिला नव्हता. मला ते बघवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "आबा, तुम्ही पुढे चला ना. पोरं सरतील बाजूला."

"नको," ते म्हणाले. "माझी पाळी येवंदे."

ओहोटी लागली होती. होडीवाला घाई करायला लागला, पाणी उतरलं तर होडी रुतेल म्हणून ओरडायला लागला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. रांग हळूहळू पुढे सरकली, आणि बोलून झालेली पोरं धक्क्याच्या कडेनं त्याच क्रमानं पुन्हा रांगेत उभी राहिली. शेंबडं पोर आपलं लांबलचक काहीतरी सांगून बाजूला झालं, आणि आबा बाईंसमोर आले. आयुष्यभर गावाच्या वतीनं बोललेला माणूस आज आपल्या पाळीनं बोलायला उभा होता.

"बाये," ते म्हणाले, "थंयची पोरां पण आपलीच समज."

बाईंनी मान हलवली. त्या रडत होत्या, आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या होडीत बसल्या. होडी खाडीच्या मध्याला जाईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

मग मी पोरांना "चला" म्हटलं. शाळेची वेळ होत आली होती. रांग जागच्या जागी मागे वळली, आणि बोलून तिच्या शेवटी उभे राहिलेले आबा आपोआप सगळ्यांच्या पुढे आले. ते क्षणभर तिथे उभे राहिले. मग वाटेतून बाजूला झाले, पंचा खांद्यावर सारखा केला, आणि पोरांना पुढे जाऊ दिलं.